तारवाबाहेरचे मासे

केनवडला माझ्या खोलीच्या खिडकीशी काचेची एक पेटी ठेवलेली आहे. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. पाणी भरले की सुमारे शंभर लिटर मावेल एवढी. भेटीस येणारा पाहुणा बाहेरच्या रणरणत्या उन्हातून आत येतो, डोक्यावरचा रुमाल काढतो, तांब्याभर पाणी पितो आणि मग त्याची नजर त्या पेटीकडे वळते. “फादर, हे मासे कोणत्या देशाचे?” हा प्रश्न मला आजवर कितीजणांनी विचारला असेल, त्याची गणती नाही. मी उत्तर देतो, “केनवडचे.” पाहुणा हसतो. फादर विनोद करीत आहेत, असे त्याला वाटते.

त्याचा तरी काय दोष? मासा दोनच ठिकाणी असतो, अशी आपणा सर्वांची समजूत आहे. एक ताटात आणि दुसरा काचेत. ताटातला मासा आपला आणि काचेतला परका. दिवाणखान्यातील गोल्डफिश मूळचा चीनचा, गप्पी दक्षिण अमेरिकेचा, एंजल ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. शेजारच्या ओढ्यातला मासा पैसे न देता मिळतो. मग तो शोभेचा कसा असेल? तो ‘चिल्लर’. कालवणात पडला तर पडला, नाही तर बगळ्याचा.

या चिल्लरीने मला गेल्या काही वर्षांत जे दाखवले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच. त्यात माझ्या चुकांचाही हिशेब आहे. तो वगळला, तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ उरणार नाही.

माझा जन्म वसईचा. आमच्या वाडीच्या कडेला बावखल होते. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवणारे गोड्या पाण्याचे छोटे तळे. केळी, पानवेली, फुलझाडे, सारे त्याच्यावर जगे. माझ्या लहानपणी रहाट जाऊन इंजिने आली होती; तरी बावखलाचे पाणी स्वच्छ होते आणि दुपारी आई-वडिलांचा डोळा लागला की आम्ही मुले काठावर पालथे पडून त्यात पाहत असू. काठाशी बोटाएवढे मासे थव्याने फिरत. एकाच्या अंगावर काळा ठिपका, दुसऱ्याच्या अंगावर लांबलचक रेघ. त्यांची नावे आम्हाला ठाऊक नव्हती आणि कोणी सांगितलीही नाहीत. पुढे मी पुण्याच्या सेमिनरीत शिकायला गेलो. एका सुट्टीत घरी आलो, तेव्हा बावखल नव्हते. त्या जागी मातीचा भराव होता आणि भरावावर विटा रचून ठेवल्या होत्या. घर आमच्याच भावकीतल्या माणसाचे होते व त्याला घराची गरज होती, म्हणून कोणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही. मासे कुठे गेले, हा प्रश्न मात्र मनात राहिला आणि उत्तर न मिळता तो जुना झाला.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी सेवाकार्याच्या निमित्ताने मी वऱ्हाडात आलो. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्या जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात केनवड आहे. सोयाबीन आणि तूर पिकवणारी ही काळी माती. तिच्याखाली काळा कातळ. समुद्राच्या वाऱ्यात वाढलेल्या माणसाला पहिला उन्हाळा येथे फार जड गेला. इथले ओढे-नाले पैनगंगेकडे धावतात. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे माझ्या दाराशी पडणारा पावसाचा थेंब, माझ्या जन्मगावच्या समुद्राकडे पाठ करून, सारे दख्खन ओलांडून पूर्वेच्या समुद्राला जातो. हे लक्षात आले, त्या दिवशी मला घराची फार आठवण झाली.

गावाबाहेरचा ओढा पावसाळ्यात खळखळतो, दिवाळीनंतर रोडावतो आणि फेब्रुवारीत तुटतो. मग उरतात ते डोह. एका फाल्गुनातल्या संध्याकाळी तीन-चार पोरे अशाच एका डबक्यात जुन्या लुगड्याचा पदर धरून मासे गाळताना मला दिसली. पदर वर आला, तेव्हा त्यात वीस-पंचवीस रुपेरी जीव उड्या मारीत होते. एकाच्या शेपटीच्या अलीकडे काळा ठिपका होता. चाळीस वर्षांनी मला बावखलाचा काठ आठवला. मी त्या पोरांकडे मासे मागितले. त्यांतल्या एका दहा वर्षांच्या मुलाने प्लास्टिकच्या बाटलीत भरून अकरा मासे माझ्या हाती दिले. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. “पाहाले येऊ ना फादर?” एवढेच त्याने विचारले.

मी काचेची पेटी साबणाने लख्ख धुतली, नळाचे ताजे पाणी भरले, तळाशी बाजारातली निळी खडी पसरली आणि मासे आत सोडले. पहिल्या दिवशी ते एका कोपऱ्यात गोळा होऊन राहिले. दुसऱ्या दिवशी पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्सा आटोपून मी खोलीत आलो, तेव्हा अकराच्या अकरा मासे पोट वर करून तरंगत होते. तेवढ्यात तो मुलगा शाळेत जाता जाता दारात आला. त्याने पाहिले आणि विचारले, “फादर, हे मेले काहून?”

जन्म-मरणाविषयी बोलणे हे माझे कामच आहे. अनेक घरांतून, अनेक खाटांशेजारी मी ते केले आहे. त्या दिवशी मात्र मला बोलता येईना; कारण हे मरण कोठून आले ते मला ठाऊक होते. ते माझ्या हातून आले होते. ते का आले, एवढेच ठाऊक नव्हते.

ते शिकायला काही महिने गेले. मासा आपल्या कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे पाण्यात अमोनिया सोडत असतो. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात तो विरून जातो. बंद पेटीत साचतो आणि मासा स्वतःच्याच विषाने मरतो. निसर्गाने यावर उपाय ठेवलेला आहे. वाळूच्या कणांवर, दगडांवर, पानांवर सूक्ष्म जीवाणूंची वस्ती असते. त्यांतली एक जमात अमोनियाचे नायट्राइट करते. तेही विषारीच. दुसरी जमात नायट्राइटचे नायट्रेट करते. ते माशाला बरेचसे सोसते आणि पाणवनस्पतींना खत म्हणून चालते. ही अदृश्य वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी साबणाने धुऊन काढली होती ती जागा या वस्तीची, आणि क्लोरिन घातलेले नळाचे पाणी भरले होते ते तिला मारणारे. ज्याला मी स्वच्छता समजत होतो, ती माशांच्या दृष्टीने ओसाडी होती.

दुसऱ्यांदा मी घाई केली नाही. ओढ्यातली वाळू आणली व साध्या पाण्यात खळबळून घेतली. काळ्या दगडांचे चार तुकडे, एका वाळलेल्या झाडाचे मूळ, डोहातली पाणवेल. पाणी उघड्या घागरीत दिवसभर ठेवून मग भरले. हवेचा छोटा पंप लावला. मग रिकाम्या पाण्यात रोज सुक्या जवळ्याची चिमूटभर पूड टाकीत राहिलो. ती कुजेल, अमोनिया सुटेल आणि जीवाणूंना अन्न मिळेल, म्हणून. वसईहून बहिणीने पाठवलेला जवळा असा कामी आला! सहा आठवडे मी एका माशाविना असलेले पाणी सांभाळले. येणारे-जाणारे विचारीत, “फादर, यात मासे कुठायत?” उपवासकाळाची सवय असलेल्या माणसाला चाळीस दिवस थांबणे जड जाऊ नये, तरी मला ते गेले.

भाद्रपदात त्याच मुलाने पुन्हा मासे आणून दिले. या वेळी ते जगले.

जगले, आणि हळूहळू दिसू लागले. ‘दिसू लागले’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. बाटलीत आणि बाजाराच्या पाटीत हे मासे पांढुरके दिसतात, कारण ते घाबरलेले असतात. गढूळसर उजेडात, पानांच्या सावलीत, काळ्या वाळूवर महिनाभर राहिल्यावर त्यांचा रंग परततो. काळ्या ठिपक्याचा तो मासा शास्त्रात ‘पेथिया टिक्टो’ म्हणून ओळखला जातो. फ्रान्सिस हॅमिल्टन या शल्यविशारदाने १८२२ साली गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. कल्ल्यामागे एक लहान ठिपका, शेपटीच्या अलीकडे एक मोठा. नर वयात आला आणि हवेत पावसाचा गारवा आला की त्याच्या अंगावर गेरूसारखा तांबूस पट्टा चढतो. त्याच ग्रंथात आणखी एका बोटभर पट्टेदार माशाचे वर्णन आहे. ‘डॅनियो रेरियो’ अथवा झेब्रा मासा. भारतातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा हा जीव आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. त्याची जनुकीय लिपी २०१३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांची जोडीदार जनुके त्याच्या ठायी आढळली. आपण ज्याला चिल्लर म्हणतो, त्याचे आपल्याशी नाते इतके जवळचे आहे.

माझ्या पेटीतला तिसरा रहिवासी तळाशी असतो. बोटाएवढा, मातकट पट्ट्यांचा, ओठांशी बारीक मिशा असलेला. दिवसभर दगडाखाली पडून राहतो आणि संध्याकाळी वाळू चाळीत फिरतो. हा कोण, हे मला एका वृद्ध भोईबाबांनी सांगितले. ते गुडघे धरून पेटीसमोर बसले आणि पैनगंगेत साठ वर्षे जाळे टाकलेल्या नजरेने पाहू लागले. “मुरी,” ते म्हणाले. मग एकेकाकडे बोट दाखवून नावे सांगू लागले. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. माशांची नावेही बदलतात, हे मला त्या दिवशी कळले. आमच्या वसईकडचे एकही नाव इथे चालत नव्हते.

पुढे एका ग्रंथालयात मला कर्नल साईक्स यांच्याविषयी वाचायला मिळाले. विल्यम हेन्री साईक्स हे मुंबई सरकारचे अधिकारी. १८२४ पासून काही वर्षे दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे होते. भीमा आणि मुळा-मुठेच्या काठाकाठाने फिरताना त्यांनी माशांचीही नोंद घेतली आणि १८३९च्या सुमारास ती लंडनला प्रसिद्ध केली. नवे मासे पाहून आपल्या राजाचे वा मित्राचे नाव द्यावे, अशी तेव्हाची रीत. साईक्स यांनीही काही ठिकाणी ती पाळली. पण पुष्कळ ठिकाणी त्यांनी काठावरच्या कोळ्या-भोयांना विचारले आणि त्यांच्या तोंडचा मराठी शब्दच लॅटिन नावात बसवला. म्हणून आज जगातल्या कोणत्याही ग्रंथात शिंगाळ्याचे नाव ‘सीनघाला’ आहे, नाकाडावर खाच असलेल्या नकट्याचे ‘नुक्टा’, दगडाला चिकटून राहणाऱ्या मल्याचे ‘मुल्या’ आणि माझ्या पेटीतल्या मुरीच्या जातभाईचे ‘मूरेह’. ज्यांनी ती नावे सांगितली, त्यांची स्वतःची नावे मात्र कोठे नोंदलेली नाहीत.

सेमिनरीत आम्हाला उत्पत्तीचे पुस्तक शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी एकदा हसत हसत एक गोष्ट दाखवून दिली होती. दुसऱ्या अध्यायात परमेश्वर पशू आणि पक्षी आदामापुढे आणतो व आदाम त्यांना नावे देतो. त्या यादीत मासे नाहीत. तेव्हा आम्हाला ती नुसती गंमत वाटली. भोईबाबा माझ्या पेटीसमोर बसून नावे सांगत होते, तेव्हा मला ती पुन्हा आठवली. आदामाकडून राहून गेलेले काम कोणी केले, ते मी समोर पाहत होतो.

भोईबाबांनीच मला ढोक दिला. ढोक हा मरळीचा धाकटा भाऊ. शास्त्रात ‘चन्ना गचुआ’. वीतभर लांब, सापासारखे डोके, परांच्या कडेला केशरी किनार आणि अंगावर मोराच्या मानेसारखी निळसर झाक. हा मासा कल्ल्यांबरोबर वरची हवाही घेतो. म्हणून आटत्या डबक्यात, ओल्या चिखलात तो तग धरतो आणि पाऊस पडला की गवतातून सरपटत दुसऱ्या पाण्याकडे निघतो. बाबा म्हणाले, “याले झाकण लागते फादर, नाई त रातच्याले पळून जाईन. अन् याले वेगळा ठेवा. बारीक मासोयी शिल्लक ठेवत नाई हा.” एका आटत्या डबक्यातून त्यांनी नर-मादीची जोडी आणून दिली आणि मी दुसरी पेटी मांडली. वर लाकडी झाकण, त्यावर दगड. रोज गांडुळे आणि लहान झिंगे.

जुलैत पावसाची झड लागली होती. एका सकाळी नराने गांडूळ घेतले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याचा जबडा खाली फुगल्यासारखा दिसत होता. मला पहिले अकरा मासे आठवले आणि पोटात गोळा आला. मी बाबांना बोलावणे पाठवले. त्यांनी नुसते वाकून पाहिले आणि हसले. “आजारी नाई. पिल्लं हायेत तोंडात. याच्यात बापच लेकरं सांभाळते.”

ते खरे होते. मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. अंडी फुटेपर्यंत आणि पिल्ले पोहण्याजोगी होईपर्यंत त्याचे तोंड हाच त्यांचा पाळणा. तोवर त्याचे खाणे बंद. मी रोज पाहत होतो. तो एका मुळाखाली स्थिर राही, अधूनमधून हलकेच वर येऊन हवेचा घोट घेई आणि जबडा किंचित हलवून अंडी घोळवी. समोरून झिंगा गेला तरी तोंड उघडत नसे. तो शिकारी मासा आहे. दुसऱ्या वेळी त्याने त्या झिंग्याला क्षणभरही ठेवले नसते. अखेर एका संध्याकाळी त्याने तोंड उघडले आणि एक काळसर ढग बाहेर पडला. मुंगीएवढी पिल्ले! मी टाचणी पडावी इतक्या हळू दार लोटून बाहेर गेलो आणि त्या मुलाला हाक मारली. गावातली पोरे मला ‘फादर’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ ‘बाप’ आहे, हे मी एरवी विसरूनच गेलो होतो.

आता माझ्या दुसऱ्या चुकीविषयी. आदल्या नाताळात शहरातून आलेल्या एका स्नेह्याने मला भेट म्हणून पिशवीभर रंगीत गप्पी आणले होते. नाही म्हणणे बरे दिसेना. मी ते पहिल्या पेटीत सोडले. आठवड्याभरात माझ्या माशांच्या अंगावर मिठाचे कण भुरभुरावेत तसे पांढरे ठिपके उठले. हा एका एकपेशीय परजीवीचा रोग. बाजारातल्या माशांबरोबर तो सहज येतो. मिठाच्या पाण्याने काही वाचले, काही गेले. गप्पी मी एका बंद हौदात वेगळे केले. प्रकरण संपले, असे मला वाटले. त्या दिवसांत आणि पुढेही दोन्ही पेट्यांना मी एकच जाळी आणि एकच बादली वापरीत होतो, याकडे माझे लक्ष नव्हते.

ढोकाची पिल्ले वाढली. काही एकमेकांनी खाल्ली, काही दगावली, सतरा उरली. मार्च आला. त्या वर्षी परतीचा पाऊस झाला नव्हता आणि ओढ्यातला शेवटचा मोठा डोहही उतरू लागला होता. त्याच्या काठी एका शेतकरी भाऊंची संत्र्याची बाग होती आणि डोहात त्यांचा पंप होता. एका दुपारी तो मुलगा धापा टाकीत आला. “फादर, डोह गुडघ्याएवढा राहिला. मासे वर येऊन तोंड मारतात. पूरा आटला की सारे मरतीन. मंग पाऊस आल्यावर आपले ढोक तिथं सोडू ना! ते मेले त हे राहतीन.”

त्याचे डोळे चमकत होते. एका अर्थी तो मला नोहाची गोष्टच सांगत होता: आपली पेटी म्हणजे तारू, पूर ओसरला की दार उघडायचे. आणि मला त्याला ‘नाही’ म्हणावे लागले. माझ्या पेटीतल्या पाण्यात बाजारातला रोग येऊन गेला होता. ढोक निरोगी दिसत होते. पण दिसणे आणि असणे यांत अंतर असते. त्यांच्याबरोबर मी ओढ्यात आणि ओढ्यातून पैनगंगेत काय सोडीन, हे मला सांगता येत नव्हते. हौसेने आणि चांगल्या हेतूने पाण्यात सोडलेल्या माशांनी आपल्या देशात काय केले, ते मी वाचले होते. मोझांबिकचा तिलापिया १९५२ साली भारतात आला आणि तळ्यातळ्यांत स्थानिक माशांची जागा बळकावून बसला. ‘थाई मागूर’ नावाने विकला जाणारा आफ्रिकन मागूर इतका खादाड की २००० साली त्याच्या पैदाशीवर सरकारला बंदी घालावी लागली. काचेच्या पेट्या स्वच्छ करतो म्हणून विकला जाणारा ‘सकर’ मासा, मोठा झाल्यावर लोकांनी नदीत सोडून दिला. आता तो कोळ्यांच्या जाळ्यात येतो. यांतल्या प्रत्येक वेळी कोणाला तरी वाटले असेल की, आपण भलेच करीत आहोत. मी त्या मुलाला म्हणालो, “बाळा, त्या गप्पींना मी आत घेतले, त्याच दिवशी परतीचा रस्ता बंद झाला. चूक माझी आहे.” तो काही बोलला नाही. झाकणावरचा दगड त्याने सरळ केला आणि निघून गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नोहाच्या तारवात मासे नव्हते. कोरड्या भूमीवरचे जीव तेवढे त्यात चढले. माशांना तारवाची गरज नव्हती. कारण तो पाण्याचा प्रलय होता. आमच्यावर आलेला प्रलय उलटा आहे. त्यात पाणीच नाहीसे होते, आणि माशांसाठी मी काचेचे तारू बांधून बसलो होतो. पण ओढ्याची रीत निराळी आहे. उन्हाळ्यात सारा ओढा मेला, तरी एक डोह राहिला की त्यात सगळ्या जातींची थोडी थोडी बीजे राहतात आणि पहिल्या लोंढ्याबरोबर ती वर-खाली पसरतात. हजारो वर्षे ओढा असाच मरून उठतो आहे. त्याचे तारू त्याच्यापाशीच होते, आणि ते गुडघाभर उरले होते.

सकाळी मी त्या भाऊंच्या बागेत गेलो. मुलगा बरोबर होता. भाऊंनी बाजेवर बसवले, चहा दिला आणि माझे बोलणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “फादर, माह्या झाडाले पानी नाई, अन् तुमी मासोयीचं काय घेऊन बसले?” मी त्यांच्या झाडांकडे पाहिले. पाने कडेने करपली होती. सात-आठ वर्षे लेकरांसारखी वाढवलेली ती झाडे. वसईच्या वाडीत वाढलेल्या माणसाला त्या प्रश्नाची किंमत कळत होती. मला उत्तर देता आले नाही, आणि प्रवचन तर मुळीच द्यायचे नव्हते. तेव्हा तो मुलगाच बोलला. ढोकाचा बाप तोंडात पिल्ले कशी ठेवतो, किती दिवस खात नाही, झिंगा समोर आला तरी तोंड कसे उघडत नाही, हे त्याने हातवारे करून सांगितले. भाऊ ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, “मी लहानपणापासून ढोक खातो. हे मले माहीत नव्हतं.”

आम्ही उठलो. त्यांनी काही वचन दिले नाही. दोन दिवसांनी मुलगा मला डोहावर घेऊन गेला. पंपाचा फूटव्हॉल्व्ह आतापर्यंत तळाशी पडलेला असे. आता तो एका मोठ्या दगडावर उचलून बांधला होता. पाणी त्या दगडाखाली गेले की पंप हवा ओढणार आणि थांबणार. खाली हात-दीड हात पाणी राहणार. भाऊ तेथेच होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “खाली गाळ ओढला जाते. तसाई वरच बांधा लागत होता.” मी म्हणालो, “बरोबर आहे, भाऊ.” त्यांच्या बागेतली किती झाडे त्या उन्हाळ्यात गेली, ते मी मोजले नाही; पण काही गेली. ते पाणी त्यांनी मिळवले असते, तर एखादे वाचले असते का? हा प्रश्न मी स्वतःला आजही विचारतो. दुसऱ्याच्या त्यागाचे कौतुक करणे सोपे असते, म्हणून मी ते करीत नाही. फक्त लिहून ठेवतो.

मृगाचा पाऊस त्या वर्षी उशिरा आला. आला तो रात्री. सकाळी ओढा तांबडा होऊन धावत होता. चार दिवसांनी पाणी जरा निवळले, तेव्हा पोरे मला रस्त्यावरच्या मोरीखाली घेऊन गेली. शेतातून येणाऱ्या पाण्याच्या धारेवर बारीक मासे एकामागून एक उड्या घेत वर चढत होते. त्यांतल्या एका नराच्या अंगावर गेरूचा पट्टा होता. ते कोठून आले? पैनगंगेतून की त्या दगडाखालच्या हात-दीड हात पाण्यातून? सांगता येत नाही. बहुधा दोन्हींकडून.

माझी पेटी अजून आहे. हे वाचून कोणाला हौस वाटली, तर चार गोष्टी सांगतो. आधी पाणी पिकू द्या, मग मासे आणा. जिथून आणाल, तिथल्या डोहातून मूठभरच आणा. केरळातला ‘मिस केरळ’ हा सुंदर मासा जगाच्या बाजारासाठी इतका उपसला गेला की त्याची गणना संकटग्रस्त जातींत झाली. उन्हाळ्यात पेटीवर ओले फडके टाका आणि पाणी हलते ठेवा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात सुमारे ७. आणि एकदा काचेत आलेला मासा पुन्हा ओढ्यात सोडू नका. त्याला मरेपर्यंत सांभाळा. २०२३ साली आपल्या राज्याने पापलेटला राज्यमासा ठरवले. तो मान त्याला शोभतो. पण आपल्या गावचा मासा कोणता, हे प्रत्येक गावाने आपल्या भोईबाबांना एकदा तरी विचारावे. ते आहेत तोवरच.

परवा अमरावतीहून एक पाहुणे आले होते. त्यांनी पाणी प्यायले, पेटीकडे पाहिले आणि नेहमीचाच प्रश्न विचारला. मी उत्तर देण्यापूर्वीच तो मुलगा – आता त्याला मिसरूड फुटू लागली आहे – खिडकीतून म्हणाला, “आपल्या डोहातले हायेत. चाला, दाखवतो.”

पाहुण्यांना ऊन सोसवेना. तरी ते गेले.